पाडव्याच्या आधी सांगितलेले बरे

सालगडी म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. मराठवाड्यात पाडव्याला साल ठरते. पुढच्या पाडव्याला ते संपते. खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सालदार बदलतात. बोली होते, उचल मिळते, गडी कामाला लागतो. कागद फारसा होत नाही. मालकाच्या वहीत आकडे असतात आणि त्यांच्याखाली अंगठा असतो.

मालक वाईट असला तर काम सोडणे सोपे. माणूस मनात शिव्या देतो, साल संपले की बोचके उचलतो आणि चालू लागतो. पण मालक चांगला असला तर? त्याने अडीनडीला पैसे दिले, मुलाबाळांची विचारपूस केली, ताटाला ताट लावून जेवायला बसवले, तर? अशा माणसाला "मी जातो" हे कसे सांगायचे? तोंडच उघडत नाही. पुष्कळ माणसे याच ठिकाणी चुकतात, आणि चुकतात ती चांगल्या मनाची माणसे.

आमच्या रात्रीच्या वर्गात एक सालगडी येत असे. जालना भागातला. त्याचे नाव इथे सांगत नाही. त्याला आपण नुसता गडी म्हणू. एकाच मालकाकडे त्याची अकरा साले भरत आली होती. मालकाची मोसंबीची बाग, थोडा कापूस, थोडी ज्वारी, दोन बैल. गडी बागेतल्या झाडान्‌झाडाला ओळखत होता. कोणत्या झाडाला डिंक्या झाला, कोणत्या ओळीत ठिबकची नळी उंदराने कुरतडली, हे तो डोळे मिटून सांगायचा.

त्या साली त्याची मुलगी सातवी पास होणार होती. गावची शाळा सातवीपर्यंतच. पुढे शिकायचे तर सहा कोस जायचे, नाहीतर शाळा सोडून घरी बसायचे. गड्याची बायको म्हणाली, "पोरीला बसवायची न्हाई. माझ्यावानी अंगठा मारीत बसंल." बायकोच्या भावाने जालन्यात बियाण्याच्या गोदामात गड्यासाठी काम पाहून ठेवले. पोती मोजायची, गाडी भरायची, नोंद करायची. गडी आता वाचायला शिकला होता, म्हणून हे काम जमणार होते. शाळा जवळ होती. राहायला एक खोली मिळत होती.

सगळे जुळले. अडले ते एकाच जागी. मालकाला सांगायचे कोणी?

तो मला म्हणाला, "गुरुजी, मालकानं पोरीच्या आजारपणात चाळीस हजार दिले. मागितले बी नव्हते. आता कोणत्या तोंडानं सांगू?"

मी म्हणालो, "आहे त्याच तोंडाने सांग."

बोलायला सोपे होते. पण त्याला तीन दिवस लागले. पहिल्या दिवशी मालकाकडे पाहुणे आले होते. दुसऱ्या दिवशी मोटार जळाली. तिसऱ्या दिवशी काहीच झाले नव्हते, तरी तो सांगू शकला नाही. त्या संध्याकाळी पारावर चहाच्या टपरीत कोणीतरी त्याला विचारले, "काय, जालन्याला चाललास म्हनं?" गडी दचकला. बायकोच्या भावाने कुठेतरी बोलून टाकले होते. आता उद्यापर्यंत ही बातमी मालकाच्या कानावर जाणार.

इथे जरा थांबा. ही गोष्ट मोठी आहे. नोकरी सोडण्याचे मालकाला दुःख होते, पण ते तो गिळतो. गावभर झाले आणि मला शेवटी कळले, याचे दुःख तो गिळत नाही. म्हणून आधी मालकाला सांगावे, मग सोबत्यांना. टपरीवर तर सगळ्यांच्या शेवटी.

गडी त्याच रात्री मालकाच्या ओसरीवर गेला. संक्रांत नुकतीच झाली होती. पाडव्याला दोन महिन्यांवर अवकाश होता.

"मालक, एक बोलायचं हाय."

"बोल की. उभा का? बस."

"येत्या पाडव्यापासनं मी साल धरनार न्हाई."

मालक काही वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "काय कमी पडलं?"

"कमी काईच न्हाई पडलं, मालक. पोरगी आठवीत जायची. जालन्यात काम मिळालंय. शाळा तिथं जवळ हाय."

"दहा हजार वाढवून देतो साल."

"पैशासाठी न्हाई, मालक. तुमी वाढवून दिले तरी शाळा काई गावात येनार न्हाई."

एवढेच बोलणे झाले. गड्याने लांबण लावली नाही. उगीच आपले रडगाणे गायले नाही, की मालकाच्या जुन्या चुका काढल्या नाहीत. खरे कारण एका वाक्यात सांगितले.

खरे कारण सांगावे. पैशासाठी जात असाल तर पैशासाठी म्हणून सांगा. त्यात लाज कसली? खाणारी तोंडे वाढली, भाव वाढले, हे मालकालाही कळते. पण वाढीव पैसे घेऊन थांबायचे नसेल तर तसे स्वच्छ म्हणा. दुसरीकडचा आकडा दाखवून इथला आकडा वाढवून घ्यायचा आणि तरीही दोन महिन्यांनी जायचे, हे बरे नव्हे.

खोटे कारण किती अंगाशी येते, त्याची एक गोष्ट सांगतो. एक बाई तालुक्याच्या गावी एका डॉक्टरांच्या दवाखान्यात झाडलोट करीत, सुया उकळून ठेवीत, नंबर लावीत. डॉक्टर देवमाणूस. बाईंना दुसऱ्या दवाखान्यात जास्त पगार मिळाला. खरे सांगवेना, म्हणून त्या म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, आई फार आजारी आहे. गावी जाऊन राहावं लागणार." दुसऱ्या रविवारी डॉक्टर औषधांची पिशवी घेऊन त्यांच्या गावी दारात उभे! आई अंगणात डाळ पाखडीत बसलेली, धडधाकट. डॉक्टर काही बोलले नाहीत. चहा पिऊन गेले. पण त्या बाई पुढे कित्येक महिने त्या रस्त्याने गेल्या नाहीत. चांगल्या माणसाशी खोटे बोलले की असे होते. तो आपले खोटे खरे धरून चालतो.

आता आपल्या गड्याकडे वळू.

दोन दिवस मालक त्याच्याशी नीट बोलले नाहीत. कामापुरते बोलायचे. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "अकरा वर्षं पोरासारखा वागवला. नवा गडी आता कुठं शोधू?" गड्याला फार वाईट वाटले. तो मला म्हणाला, "गुरुजी, असं वाटतंय, जाऊच नये."

त्याला वाईट वाटले हे ठीकच होते. मालकाला राग आला हेही ठीकच होते. ज्याच्यावाचून आपले अडत नाही, त्याच्या जाण्याचा राग कोणाला येतो? पण म्हणून मुलीची शाळा बंद करायची का? मालकाचे उपकार आहेत. ते फेडायचे तर पैसा परत करून, काम नीट सोपवून, चांगले बोलून फेडता येतात. मुलीचे शिक्षण देऊन फेडायचे नसतात. हे मी त्याला सांगितले. त्याच्या बायकोने हेच माझ्या आधी आणि माझ्याहून थोड्या शब्दांत सांगितले होते.

गड्याने एक केले. काम पूर्वीसारखेच केले. काकणभर जास्तच. काही जण एकदा सोडायचे ठरले की हात सैल सोडतात. उशिरा येतात, बैलाला पाणी दाखवायचे विसरतात. शेवटचे दोन महिनेच लोकांच्या ध्यानात राहतात. आधीची अकरा वर्षे मग कोणी काढीत नाही.

शेजारच्या वस्तीवर एक गडी ऐन पेरणीत रात्रीतून निघून गेला होता. मृगाचा पाऊस झालेला, वाफसा आलेला, तिफण बांधावर पडलेली. मालक सकाळी हाका मारीत बसला. तो गडीही मनाने वाईट नव्हता. त्याला तोंडावर सांगायचे धैर्य नव्हते, एवढेच. पण पेरणी चार दिवस लांबली, आणि पेरणीचे चार दिवस म्हणजे काय हे तुम्ही जाणता. म्हणून कोणाचेही काम सोडताना त्या कामाचा हंगाम पाहावा. शेतात पेरणी आणि काढणी. शिंप्याच्या दुकानात दिवाळी आणि लग्नसराई. ट्रॅक्टर दुरुस्तीच्या गॅरेजात पावसाळ्याआधीचा महिना. या वेळेला काम सोडू नये. सोडावेच लागले तर पुष्कळ आधी सांगावे.

माघात नवा गडी मिळाला. वीस-बावीस वर्षांचा पोरगा. आपल्या गड्याने त्याला बरोबर घेऊन सगळे दाखवले. बागेला आंबे बहाराचे पाणी चालू होते. कोणता कॉक कोणत्या ओळीचा, पाणी किती वेळ ठेवायचे, वीज कधी येते नि कधी जाते, स्टार्टर कसा अडकतो, हे दाखवले. डाव्या बाजूचा बैल अनोळखी माणसाला शिंग मारतो. त्याला आधी गूळ चारायचा, मग दावे सोडायचे. बांधावरची वाट कोणाच्या हद्दीतून जाते आणि कोणाशी त्यावरून कुरबूर आहे, तेही सांगितले. मालकालासुद्धा यातल्या काही गोष्टी ठाऊक नव्हत्या!

आता पैशाचा हिशोब. चांगल्या मालकाशी हिशोब कसा काढायचा, असे वाटून माणसे तो तसाच ठेवतात. तसे करू नये. चांगल्या माणसाशीच हिशोब चोख हवा, म्हणजे तो चांगला राहतो. गड्याने आपल्या वहीत स्वतःच्या हाताने असा हिशोब मांडला :

साल ठरले रुपये १,२०,०००.
खाडे १२. दर खाड्याला ३०० प्रमाणे वजा ३,६००.
राहिले १,१६,४००.
उचल : पाडव्याला ५०,०००. पोळ्याला १५,०००. दिवाळीला २०,०००. मुलीच्या आजारपणात ४०,०००. एकूण १,२५,०००.
गड्याकडे बाकी ८,६००.

बाकी गड्याकडेच निघाली. त्याने मालकाला वही दाखवली आणि म्हणाला, "पाडव्याला ३,६०० देतो. पुढं पाच महिने हजार हजार." मालक म्हणाले, "राहू दे रे." गडी म्हणाला, "न्हाई मालक, लिहून ठेवा."

इथे एक गोष्ट कायद्याची सांगून ठेवतो. सगळेच मालक असे नसतात. "उचल फिटेपर्यंत जाऊ देणार नाही" असे म्हणणारेही असतात. वीटभट्टीवर, ऊसतोडीत, शेतावर हे घडते. उचलीच्या नावाखाली माणसाला कामाला जखडून ठेवणे हा गुन्हा आहे. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ साली झाला. असे कोणी करीत असेल तर जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा तहसीलदारांकडे तक्रार करता येते. आपल्या गड्याने पैसे परत केले ते कोणाच्या भीतीने नव्हे. त्याला ते द्यायचे होते.

तुमच्यापैकी काही जण कारखान्यात किंवा मोठ्या दुकानात काम करीत असतील. तिथे तोंडी सांगून भागत नाही. आधी साहेबांना समक्ष भेटून सांगावे. मग त्याच दिवशी कागद द्यावा. नुसता कागद टेबलावर ठेवून निघून जाऊ नये. ज्या साहेबांनी आपल्याला काम शिकवले, त्यांना ते फार लागते. नेमणुकीच्या पत्रात किती दिवस आधी कळवायचे ते लिहिलेले असते. पुष्कळ ठिकाणी एक महिना असतो. ते पत्र काढून वाचा. आता तुम्हाला वाचता येते.

राजीनामा लहान असावा. असा :

"माननीय व्यवस्थापक यांस, सप्रेम नमस्कार. मी आपल्याकडे सहा वर्षे काम करीत आहे. घरच्या कारणामुळे मला हे काम सोडावे लागत आहे. आजपासून एक महिन्याने मला मोकळे करावे, ही विनंती. तोपर्यंत माझे काम मी दुसऱ्या माणसाला नीट समजावून देईन. आपण मला काम शिकवले, त्याबद्दल मी आपला आभारी आहे. आपला नम्र."

खाली सही आणि तारीख. दोन प्रती कराव्यात. एकीवर "मिळाली" अशी सही घेऊन ती आपल्याजवळ ठेवावी. साहेब कितीही चांगले असोत, ही सही घ्यावी. साहेबही बदलून जातात.

नोकरी आपण होऊन सोडली म्हणजे हक्क बुडाले, असे पुष्कळांना वाटते. ते खरे नाही. कारखान्यात, किंवा दहा अगर जास्त माणसे असलेल्या दुकानात, पाच वर्षे सलग नोकरी झाली असेल तर ग्रॅच्युइटी मिळते. राजीनामा दिला तरी मिळते. त्यासाठी १९७२ साली कायदा झाला होता. आता त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आहे. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. हिशोब असा : शेवटचा महिन्याचा मूळ पगार व महागाई भत्ता मिळून १३,००० रुपये आहे असे धरा. त्याला २६ ने भागा. आले ५००. हा एका दिवसाचा पगार. एका वर्षाला १५ दिवसांचा, म्हणजे ७,५००. सहा वर्षांचे झाले ४५,०००. ही भीक नव्हे. मागताना मान खाली घालू नका, आणि आवाजही चढवू नका.

राहिलेला पगार राजीनाम्यानंतर कामाच्या दोन दिवसांत द्यावा, असे वेतन संहितेत आहे. फंड कापला जात असेल तर तो मोडून खाऊ नका. नव्या जागी तोच क्रमांक द्या, म्हणजे जुने पैसे नव्या खात्यात वळवता येतात. फंडाच्या पेन्शनला दहा वर्षांची नोकरी लागते. मोडला तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. आणि इतकी वर्षे काम केल्याचा दाखला मागून घ्यायला विसरू नका. चांगले साहेब तो आनंदाने देतात. पुढे तोच उपयोगी पडतो.

आपल्या गड्याला यातले काही लागू नव्हते. शेतावर तो एकटाच. ग्रॅच्युइटी नाही, फंड नाही. त्याला राजीनामा लिहिण्याचीही गरज नव्हती. पण त्याने हट्टाने एक चिठ्ठी लिहिली. वर्गात बसून दोन रात्री लिहीत होता. खोडायचा आणि पुन्हा लिहायचा. मी मदत करू लागलो तर नको म्हणाला. त्याच्या परवानगीने ती इथे देतो :

"मालकांस नमस्कार. अकरा साल तुमची भाकर खाल्ली. कधी उणा शबद बोलला नाहीत. पोरीच्या वेळी तुम्ही होता म्हणून ती आज शाळेत जाते. मी पाडव्याला जातो. बाकी ८,६०० माझ्याकडं हाय. मोसंबीच्या तोडीला बोलवा, दोन दिवस येईन. बैलाला गूळ देत जावा."

पाडव्याच्या दिवशी सकाळी गुढी उभारून झाल्यावर गडी आणि त्याची बायको मालकाच्या घरी गेली. मालकीणबाईंनी मुलीसाठी दप्तर आणून ठेवले होते. गड्याने ३,६०० रुपये पुढे ठेवले. मालकांनी ते मोजून घेतले आणि वहीत लिहिले. मग त्याने चिठ्ठी दिली. मालकांनी चष्मा लावला, एकदा वाचली, पुन्हा वाचली. म्हणाले, "'शब्द' असं लिहितात. ब अर्धा." आणि चिठ्ठी घडी करून वहीत ठेवली.

वहीची मागची पाने त्यांनी उलटून पाहिली. दरसालच्या हिशोबाखाली गड्याचा निळा अंगठा होता. मालकांनी पेन त्याच्या हातात दिला. गड्याने बाकी ५,००० या आकड्याखाली सावकाश आपली सही केली.

"श्रावणात ये एकदा," मालक म्हणाले. "बैल तुला ओळखतो का बघू."

वाचून झाल्यावर हे करा : आपली या सालची उचल, खाडे आणि बाकी वहीत मांडा. मालकाच्या वहीशी ताडून पाहा. ज्यांनी तुम्हाला काम शिकवले, त्यांना चार ओळींची चिठ्ठी लिहा. काम सोडायचे नसले तरी लिहा. पुढच्या वर्गात ती वाचून दाखवा.